राखीव किंमत ४६ लाख, पण थांबायचं कुठे?

प्रश्न: चिंचवडला १८ हजार भाड्याने राहतो. जवळच्याच सोसायटीतला टू बीएचके बँकेच्या ई-लिलावात आला आहे. राखीव किंमत ४६ लाख, बोलीची पायरी २५ हजार. त्याच इमारतीत असे फ्लॅट ६२ लाखांना विकले गेलेत. माझ्याकडे १३ लाखांची एफडी आणि ८ लाखांचे म्युच्युअल फंड आहेत, बाकी कर्ज काढेन. अमेरिकेतले मेहुणे म्हणतात, शेवटच्या दहा सेकंदांत बोली लाव, स्वस्तात पडेल. कितीपर्यंत जाऊ? अनामतीसाठी एफडी मोडू का?

उत्तर: मेहुण्यांची युक्ती ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावरची आहे. तिथे लिलाव ठरल्या सेकंदाला बंद होतो. शिवाय आपली कमाल रक्कम एकदा भरून ठेवली की समोरच्याच्या एक पायरी वर राहण्यापुरतीच बोली यंत्र आपल्या वतीने चढवत राहतं. बँकेच्या लिलावात शेवटच्या पाच मिनिटांत (काही ठिकाणी दहा) कुणी बोली लावली की वेळ तेवढीच पुढे सरकते, आणि बहुतेक नोटिशींत या मुदतवाढीला मर्यादा नसते. गावच्या लिलावातलं 'एक वार, दोन वार, तीन वार' तेवढं संगणकावर आलंय. त्यामुळे बोली कधी लावायची याचा विचार सोडा. कुठे थांबायचं ते आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवा.

तो आकडा ४६ वरून वर चढत काढायचा नाही, ६२ वरून खाली उतरत काढायचा. हाच फ्लॅट सरळ मालकाकडून घेतलात तर ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी धरून साधारण ६६ लाख ६४ हजारांना पडेल, चावी हातात. लिलावात मुद्रांक आणि नोंदणी आहेच, वर सोसायटीची थकबाकी (तुम्ही विचारलेली दिसत नाही, मी दोन लाख धरतो), वकील आणि सर्च रिपोर्टचे (मालकी आणि बोजे तपासणाऱ्या अहवालाचे) ५० हजार, दुरुस्तीचे तीन लाख. आणि ताबा मिळेपर्यंत तुमचं आत्ताचं भाडं चालूच. दीड वर्ष धरलं तर तेच सव्वातीन लाख होतं.

हे सगळं वजा केलं की सुमारे ५३ लाख ८० हजारांच्या बोलीला तुमची बरोबरी होते, म्हणजे एवढी कटकट करून फायदा शून्य. या कटकटीचे मी तुमच्या जागी किमान सहा लाख मागितले असते. मग मर्यादा येते ४८ लाखांवर. राखीव किमतीच्या वर फक्त आठ पायऱ्या! १६ लाखांची सूट दिसत होती ती एवढीच उरते.

दीड वर्ष का धरलं? तुम्ही पाठवलेल्या नोटिशीत 'सांकेतिक ताबा' असं लिहिलंय. म्हणजे बँकेने दारावर कागद चिकटवलाय, आत कर्जदाराचं कुटुंब राहतंय. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला सरफेसी कायद्याच्या (कर्ज थकलं की तारण विकून वसुली करू देणारा कायदा) कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात आदेशासाठी ३० दिवस आणि फार तर ६० दिवस दिलेत, पण आदेश निघणं वेगळं आणि पोलीस बंदोबस्तात कुलूप उघडणं वेगळं. कर्जदार कर्जवसुली न्यायाधिकरणात गेला तर आणखी लांबतं. 'जसे आहे, जेथे आहे' या अटीवर घेतलेल्या घराबद्दल नंतर बँकेशी भांडायला फारशी जागा राहत नाही.

मला खरी काळजी पैशांच्या वेळापत्रकाची वाटते. ४८ लाखांना लिलाव तुमच्या नावावर सुटला तर २५ टक्के, म्हणजे १२ लाख, त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे. बोलीआधी भरलेली ४ लाख ६० हजारांची अनामत त्यातच धरली जाते. उरलेले ३६ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तरच मुदत वाढते, तीही तीन महिन्यांपलीकडे नाही. तुम्ही लिहिलंय, 'बाकी कर्ज काढेन'. आत माणसं राहत असलेल्या फ्लॅटवर १५ दिवसांत कर्ज देणारी बँक शोधून दाखवा! आणि पैसे वेळेत आले नाहीत तर १२ लाख जप्त. बँकेचं प्रत्यक्ष नुकसान किती झालं हा मुद्दाही तिथे चालत नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी पूर्ण २५ टक्के रक्कम जप्त करणं वैध ठरवलंय. तुमची जवळजवळ सगळी एफडी आहे ती.

म्हणून या फेरीत उतरू नका, असं माझं मत. बोली आली नाही तर बँका बहुतेक वेळा राखीव किंमत उतरवून पुन्हा नोटीस काढतात. तोवर नोटिशीवर नाव असलेल्या प्राधिकृत अधिकाऱ्याला जाऊन भेटा आणि दोन गोष्टी विचारा: कलम १४ चा अर्ज कुठवर आलाय, आणि लिलाव करणारी बँक स्वतःच खरेदीदाराला कर्ज देईल का. पुष्कळदा देते. सोसायटीच्या सचिवांकडून थकबाकीचा आकडा लेखी घ्या. प्रत्यक्ष ताबा बँकेकडे आला आणि कर्जाची तत्त्वतः मंजुरी तुमच्या हातात असली, तर भाड्याचे सव्वातीन लाख हिशेबातून गळतात आणि मर्यादा ५१ लाखांपर्यंत नेता येते. मात्र ५० लाखांपासून एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी खरेदीदाराची, ते विसरू नका.

एफडीचं विचारलंत. अनामतीसाठी ती मोडू नका. हरलात तर ही रक्कम काही दिवसांत परत येते, पण व्याजाशिवाय. एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढी उचल, घ्या. एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतो, तोही वापरलेल्या दिवसांपुरता. आणि घर दोघांच्या नावे हवं असेल तर बोलीच्या अर्जावरच वहिनींचं नाव घाला. विक्री प्रमाणपत्र अर्जातल्या नावानेच निघतं, मागाहून नाव वाढवायला बँका सहसा तयार होत नाहीत.