प्रमाणपत्रावर ३० टक्के आले, राजीनामा द्यावा का?

प्रश्न : माझे यजमान ५१ वर्षांचे आहेत. पीथमपूरच्या एका कारखान्यात तेरा वर्षांपासून फिटर आहेत. पगार १९ हजार, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) दोन्ही कापले जातात. चार वर्षांपूर्वी पार्किन्सनचं निदान झालं, उपचार खासगी डॉक्टरांकडे चालू आहेत. आता उजवा हात फार थरथरतो, चालताना पाय अडतात. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी वैद्यकीय मंडळापुढे गेलो. त्यांनी पाच मिनिटांत पाहिलं आणि ३० टक्के लिहिले. मागच्या महिन्यात तो कागद हातात आला. कंपनीतले साहेब म्हणतात, राजीनामा द्या, हिशेब लगेच करतो. दीर म्हणतात, पुण्याला आमच्या पत्त्यावर नवीन काढू. एक एजंट आठ हजारांत चाळीस टक्के करून देतो म्हणतोय. काय करावं?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, राजीनामा देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण यजमान या आठवड्यात कशावर सही करणार असतील तर आधी त्यांना थांबवा.

तुमचं सगळं लक्ष त्या ३० आणि ४० वर लागलंय. ते साहजिक आहे, कारण प्रमाणपत्र म्हटलं की सगळे चाळीसच विचारतात. पण तुमच्या घरात खरा पैसा येऊ शकतो तो नोकरीतून कापल्या गेलेल्या वर्गणीतून, आणि त्याला ४० टक्क्यांची अट नाही. अट आहे ती नोकरी चालू असण्याची.

आधी ईएसआय. साधा आजारपणाचा लाभ वर्षात ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या ७० टक्के मिळतो. त्यापुढे काही दीर्घ आजारांसाठी वाढीव लाभ आहे. त्या ३४ आजारांच्या यादीत पार्किन्सन आहे. यात पगाराच्या ८० टक्के, म्हणजे तुमच्या हिशेबाने महिना पंधरा हजारांच्या आसपास, आणि गरज पडली तर दोन वर्षांपर्यंत. यजमानांची सलग नोकरी आणि वर्गणी पाहता पात्रतेची अडचण दिसत नाही. अडचण वेगळीच आहे. चार वर्षं उपचार खासगीत झाले, त्यामुळे ईएसआयच्या दप्तरी तुमचे यजमान ठणठणीत आहेत! आपल्या ईएसआय दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयात केस काढा, जुने सगळे कागद जोडा. रजेचं सर्टिफिकेट तिथलंच चालतं. खासगी डॉक्टरांच्या लेटरहेडवर पैसे निघत नाहीत.

मग पीएफ कार्यालयाची पेन्शन. ईपीएस-९५ योजनेत कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर वयाची ५८ पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही. अपंगत्व कारखान्यातल्या अपघातानेच यावं असंही नाही, आजारामुळे आलेलंही धरतात. मात्र ते नोकरीत असताना आलेलं हवं. पेन्शनपात्र पगार (ज्या पगारावर पीएफ कापतात तो, सगळे १९ हजार नव्हेत) १२ हजार धरला तर योजनेच्या सूत्राने १२,००० गुणिले नोकरीची १३ वर्षं भागिले ७०, म्हणजे साधारण २,२२८ रुपये महिना, आणि त्यात वयाची कपात नाही. आज राजीनामा देऊन हीच पेन्शन मुदतीआधी मागितली तर ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांसाठी दर वर्षी ४ टक्के कापतात. एक्कावन्नाव्या वर्षी ही कात्री पाव भागाच्या आसपास बसते, आणि जन्मभर बसते. ‘हिशेब लगेच करतो’ म्हणणारे साहेब यातलं काही सांगणार नाहीत. त्यांनाही ते ठाऊक नसेल, असंच मी धरून चालते.

एक मात्र आहे. पूर्ण अपंगत्व म्हणजे तोपर्यंत जी कामं जमत होती त्यातलं कुठलंच आता जमत नाही, असं वैद्यकीय तपासणीत ठरावं लागतं. यजमान अजून कामावर जातात, तेव्हा हा अर्ज आजचा नाही. क्रम असा ठेवा : जमेल तितके दिवस काम, मग ईएसआयची रजा, आणि त्यातूनही परतणं अशक्य झालं तर हा दावा.

आता प्रमाणपत्र. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात २१ प्रकार आहेत आणि पार्किन्सन त्यात नावानिशी आहे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणारा माणूस त्या यादीत नाही, हे सांगितलं की लोक माझ्याकडे अविश्वासाने पाहतात. पण नाव यादीत असलं म्हणून टक्के मिळत नाहीत. आजार किती मोठा हे मंडळ मोजत नाही, आजाराने शरीराचं काम किती अडलं ते मोजतं. आणि तेही त्या दिवशी, त्या घटकेला जे दिसलं त्यावरून.

इथेच तुमचं प्रकरण फसलं असावं. तपासणी किती वाजता झाली, आणि त्याआधी गोळी किती वाजता घेतली होती? पार्किन्सनमध्ये गोळी लागू पडली की तास-दोन तास माणूस बराच मोकळा होतो आणि असर उतरला की जखडतो. मंडळाला बहुधा गोळी लागू असतानाचा माणूस दिसला. सकाळी उठल्यावर शर्टाची बटणं कोण लावतं, पोह्याचा चमचा तोंडापर्यंत पोचेस्तोवर किती सांडतो, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. ते कागदावर आणा. एका वहीत आठवडाभर गोळीची वेळ, हात मोकळा झाल्याची वेळ आणि जखडल्याची वेळ लिहा. ती वही न्यूरॉलॉजिस्टना दाखवून हा चढउतार त्यांच्या अहवालात नोंदवून घ्या. मंडळाला दाखवायला म्हणून गोळी चुकवायचा विचार मनातही आणू नका, ही औषधं अचानक तोडणं जिवावर बेतू शकतं.

हा अहवाल घेऊन अपील करा. मुदत निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवस. कागद मागच्या महिन्यात हातात आला असला तरी त्यावरची तारीख बघा, मोजणी तिथून आहे. सोबत माहितीच्या अधिकारात मंडळाचा मूल्यांकनाचा तक्ता मागा, पण तो येईपर्यंत अपील अडवून ठेवू नका. अपील फेटाळलं तर उच्च न्यायालयाचं खंडपीठ इंदूरमध्येच आहे, पण वकील असूनही सांगते, तो खर्च आत्ता मनात धरू नका. आजार वाढत जाणारा आहे, त्रास वाढला की पुन्हा तपासणीसाठी अर्ज करता येतो.

चाळीस टक्क्यांनी मिळेल काय, तेही ऐका. चाळीसच्या आतल्यांना मिळणाऱ्या पांढऱ्या कार्डाऐवजी पिवळं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), सरकारी नोकरी आणि शिक्षणातलं आरक्षण (यजमानांना आता त्याचा उपयोग नाही), आणि आपल्या मध्य प्रदेशात सामाजिक सुरक्षा पेन्शनवर दावा, जी गेली काही वर्षं महिना ६०० रुपये आहे. केंद्राच्या पेन्शनला तर ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचं कार्ड लागतं. घ्यायचं ते जरूर घ्या, पण त्या सहाशेसाठी पंधरा हजारांवर पाणी सोडू नका.

दिरांना सांगा, प्रमाणपत्र देशभर चालतं, पण काढायचं ते राहत्या जिल्ह्यात किंवा जिथे उपचार झाले त्या सरकारी रुग्णालयात. पुण्याचा पत्ता खोटा ठरेल. एजंटाच्या कागदावर लाभ घेतला तर त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि पोलिसांत नाव यजमानांचं जाईल, एजंटाचं नव्हे.

कंपनीबद्दल खोटी आशा देत नाही. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही, हे कलम २० चं संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतं आहे. पण भेदभाव करू नये, हे खासगीलाही लागू आहे, आणि त्यासाठी चाळीस टक्के लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात हेच सांगितलं : ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांपुरती आहे, वाजवी सोयी मागायला ती आडवी येत नाही. म्हणून कंपनीला साधं पत्र द्या : आजार अमुक, तपासणीचे कागद सोबत, मशिनवरून हलवून स्टोअरमध्ये किंवा तपासणीच्या टेबलावर काम द्यावं ही विनंती. पोच घ्या. पत्र घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. तरीही दबाव आलाच तर भोपाळच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते.

आणि पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होत जातं. यजमानांची सही बँकेतल्या जुन्या सहीशी अजून जुळते का, ते याच आठवड्यात पाहा. जुळत नसेल तर बँकेत नवी सही नोंदवा आणि पीएफमध्ये तुमचं नॉमिनेशन आहे ना, तेही तपासा.