आधी पाकीट, मग तहाची कलमं

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बेळगावात राहून ब्रिटिश मुलूख आणि पोर्तुगीज गोवा यांच्यातल्या टपाल-तारेच्या करारांवर काम करायचं तू मनावर घेतलंस, याचा मला फार आनंद आहे. तू तहांचे छापील खंड वाचायला घेतलेस. ते वाच, पण त्याआधी जुनी पाकिटं हातात घे. करार अमलात कसा आला हे पाकिटावर उमटतं. प्रत्येक पाकिटाला दोनच प्रश्न विचार: थैली कुणी कुठपर्यंत नेली, आणि पैसे कुणाच्या तिजोरीत गेले?

ब्रिटिश हिंदुस्थानची देशभर चालणारी तिकिटं १ ऑक्टोबर १८५४ पासूनची. गोव्याची पहिली तिकिटं १८७१ सालची, आणि ती गोव्याच्या टपालापुरतीच. पत्र हद्दीबाहेर जायचं तर पुढच्या वाटेसाठी ब्रिटिश हिंदुस्थानचं तिकीट लागे. म्हणून त्या काळच्या काही पाकिटांवर दोन्ही राज्यांची तिकिटं शेजारी शेजारी दिसतात. एकानं पोर्तुगीज हद्दीतला खर्च भागवला, दुसऱ्यानं पुढचा. कराराचा हिशेबच पाकिटावर चिकटवलेला!

मग १८७४ मध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघ उभा राहिला. त्याचं मोठं काम हे की जिथून पत्र निघालं त्या देशानं टपालखर्च स्वतःकडे ठेवावा, पत्रागणिक वाटणीचा हिशेब नको. ब्रिटिश हिंदुस्थान १८७६ च्या जुलैत त्यात आला, पोर्तुगालच्या वसाहती १८७७ च्या जुलैत. जुन्या रीती मात्र त्या तारखेला एकदम थांबल्या असं धरून चालू नकोस. म्हणून पाकिटाची मागची बाजू आधी बघ. पोचल्याचा शिक्का बहुधा तिथेच असतो, आणि त्यावरची तारीख हाच तुझा खरा पुरावा.

२६ डिसेंबर १८७८ चा लिस्बनचा तह मात्र अक्षर न् अक्षर वाच. जानेवारी १८८० पासून बारा वर्षं तो चालला. हद्दीवरचे जकातनाके उठले, गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला, बदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपये मिळू लागले. त्या मिठागरांवर जगणाऱ्यांचं काय झालं, हे कलमांत सापडत नाही. त्याचा शोध कुणीतरी घ्यायलाच हवा, आणि तू घेतलास तर मला समाधान वाटेल. याच व्यवस्थेत गोव्याचं नाणं ब्रिटिश रुपयाशी जुळवलं गेलं आणि १८८१ पासून ते कलकत्त्याच्या टांकसाळीत पडू लागलं. रुपयाला सोळा टांगा, म्हणजे आपल्या आण्याबरोबर टांगा. त्यामुळे रेइस या जुन्या पोर्तुगीज चलनातल्या तिकिटांवर नव्या किमती छापाव्या लागल्या. असं एखादं तिकीट दिसलं तर समज, तहाचा परिणाम तुझ्या बोटांत आहे. १८९२ मध्ये तह संपला, नाके परत आले. मुरगाव ते कॅसल रॉक आणि पुढे लोंढ्याकडची गाडी मात्र राहिली. आपल्या खानापूर तालुक्यातलं लोंढा जंक्शन या सगळ्या हिशेबात येतं. एकदा तिथं जाऊन नकाशा मांडीवर घेऊन बस.

तारेचंही तसंच. पणजीचं तारघर ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांनी मिळून चालवलेलं होतं. दोन झेंड्यांखालची माणसं एकाच तारेवर अवलंबून होती, ही गोष्ट तुझ्या लिखाणात ठळक यायला हवी.

आता घराजवळचं. शहापूर आज बेळगावचाच भाग, पण १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानचं होतं. रामदुर्ग वेगळं संस्थान. या संस्थानांची स्वतःची टपाल तिकिटं नव्हती. ब्रिटिशांशी टपालाचा खास करार करून त्यांच्याच तिकिटांवर आपलं नाव छापून घेणारी संस्थानं सहाच: पतियाळा, ग्वाल्हेर, जिंद, नाभा, चंबा, फरीदकोट. बाजारात कुणी संस्थानी कोर्ट फीचा स्टॅम्प टपालाचा म्हणून गळ्यात मारील. तिथं सावध राहा.

मोडी शीक, कन्नड दप्तरं वाचायला शीक, थोडी पोर्तुगीजही. हद्दीचा आजचा वाद आपल्या सगळ्यांच्या पोटात आहे, माझ्याही. पण १८७८ च्या कागदावर १९५६ चा राग लादू नकोस. त्या लोकांचे नाके वेगळे होते, अडचणीही वेगळ्या.

आणि हात जोडून सांगतो, पाकिटावरून तिकीट सोडवू नकोस. कितीतरी लोकांनी वाफेवर धरून तिकिटं काढली, अल्बमात लावली आणि पाकिटं टाकून दिली. त्याबरोबर वाट, तारीख, पत्ता सगळं गेलं. दोन्ही बाजूंची छायाचित्रं काढ, शिक्के मोठे करून वाच, वहीत तारखेनं लाव. कोल्हापूर आणि पणजीच्या पुराभिलेखांत जाशील तेव्हा ही वही बरोबर ने. दप्तर मागताना नेमकं साल आणि ठाणं सांगता येईल.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
काका