वाचकांचे प्रश्न: तुमचे तारण झाले आहे का?

प्रश्न: माझे माहेर भायखळ्याचे, प्रॉटेस्टंट, सासर वसईचे, कॅथलिक. दोन महिन्यांपूर्वी सासरे वारले. त्यांच्यासाठी महिन्याची मिस्सा (चर्चमधील प्रार्थनाविधी) झाली, त्या दिवशी माझा धाकटा भाऊ घरी आला होता. तो अलीकडे एका स्वतंत्र प्रार्थनासंघात जातो. पप्पांचे तारण, म्हणजे पापातून उद्धार, झाले होते का, आणि झाले असेल तर आता त्यांच्यासाठी प्रार्थना कशाला, असे त्याने सर्वांसमोर विचारले. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "तारण झालं असं माणसानं कसं म्हणावं? ते देवाच्या हातात." परत जाताना भाऊ मला म्हणाला, "ताई, तुला तरी तुझ्या तारणाची तारीख सांगता येते का?" मला सांगता येत नाही. दोघेही नेमाने बायबल वाचणारे आहेत. मग बरोबर कोण?
(एक वाचिका, वसई)

उत्तर: दुःखाच्या घरात तो प्रश्न त्या दिवशी विचारायला नको होता, एवढे कोणत्याही पंथाचा पाळक किंवा फादर आपल्या भावाला सांगेल. प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यावर पश्चिमेकडची ख्रिस्ती मंडळी पाचशे वर्षे भांडत आली आहे.

आपल्या पत्रातल्या दोन वाक्यांची क्रियापदे पाहावीत. भावाने भूतकाळ वापरला, सासूबाईंचे उत्तर भविष्याकडे पाहणारे होते. बायबलाच्या नव्या करारात दोन्ही आहेत, आणि तिसराही काळ आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे, असे म्हटले आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आरंभी प्रेषित पौल स्वतःला आणि वाचकांना, ज्यांचे तारण होत आहे, त्यांच्यात धरतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, नीतिमान ठरलेले आपण पुढे तारले जाऊ, असा भविष्यकाळ येतो. झाले आहे, होत आहे, होईल: तिन्ही रूपे पौलाच्या नावाने आलेल्या पत्रांतच सापडतात. पुढे प्रत्येक पंथाने यातला एक काळ अधिक जवळ केला आणि दुसऱ्याच्या तोंडचा काळ ऐकला की त्याला पाखंडाचा संशय येऊ लागला. माझ्या मते आपल्या घरातला निम्मा वाद असा व्याकरणाचा आहे. उरलेला निम्मा मात्र खराखुरा आहे, आणि तो गोड बोलून मिटवू नये.

आधी एक गैरसमज बाजूला करू. कॅथलिक लोक कर्मांनी तारण मिळवू पाहतात आणि प्रॉटेस्टंट विश्वासाने, अशी वाटणी भायखळ्याच्या आमच्या चर्चमध्ये मी लहानपणी ऐकली आहे, आणि ती चुकीची आहे. माणूस स्वतःच्या बळावर देवापर्यंत पोहोचू शकतो, हे पेलागियस या धर्मोपदेशकाचे म्हणणे मानले गेलेले मत इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने फेटाळले. निदान पहिले पाऊल तरी माणूस स्वतः टाकतो, ही त्याची सौम्य आवृत्तीही ५२९ मध्ये ऑरेंजच्या सभेने अमान्य केली. प्रॉटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक ल्यूथर याला उत्तर देण्यासाठी भरलेल्या कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेनेही १५४७ मध्ये स्पष्ट लिहून ठेवले, की नीतिमान ठरण्याच्या आधीचे काहीही, मग तो विश्वास असो वा कर्मे, त्या कृपेला माणसाला पात्र करत नाही. माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय आणि घरे वाहणारे, किंवा बुधवारी माहीमला नोव्हेनासाठी रांग लावणारे पाहून माझ्यासारख्या प्रॉटेस्टंटाला वाटते, की हे तारण विकत घेत आहेत. ते बहुधा नोकरी, घर आणि दुखरा गुडघा यांसाठी आलेले असतात. तो हिशेब वेगळा आहे.

मग भांडण कशाचे? कृपा माणसात नेमके काय करते, याचे. 'नीतिमान ठरवणे' हा शब्द घ्या. ल्यूथरच्या परंपरेत तो न्यायालयातला शब्द आहे: आरोपी दोषी आहे, तरी ख्रिस्ताचे नीतिमत्त्व त्याच्या खात्यावर मांडून न्यायाधीश त्याला निर्दोष ठरवतो. त्याच्या स्वभावातला बदल त्यामागोमाग येतोच, परंतु निकाल त्या बदलावर अवलंबून नसतो. कॅथलिक शिकवणीत देव ज्याला नीतिमान म्हणतो त्याला तो त्याच क्रियेत आतून नीतिमान करूही लागतो. त्या कृपेत माणूस आयुष्यभर वाढू शकतो, गंभीर पापाने ती गमावू शकतो आणि पापांची कबुली देऊन ती पुन्हा मिळवू शकतो. लॅटिन शब्दात 'करणे' दडलेले आहे, ग्रीक शब्दाची ओढ 'ठरवणे' याकडे अधिक आहे; आणि आपल्या घरोघरी असलेल्या बायबल सोसायटीच्या मराठी बायबलात 'नीतिमान ठरणे' असेच आले आहे, त्यामुळे मराठी वाचकाच्या कानाला प्रॉटेस्टंट अर्थ नकळत सोपा वाटतो.

याकोबाच्या पत्राशी ल्यूथरची गाठ इथेच पडली. ल्यूथरचे ब्रीद असलेले 'केवळ विश्वासाने' हे शब्द सबंध नव्या करारात एकदाच येतात, आणि तेही नकारासह: मनुष्य क्रियांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे, असे याकोब दुसऱ्या अध्यायात लिहितो. १५२२ च्या जर्मन नव्या करारात ल्यूथरने रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात 'केवळ' हा मुळात नसलेला शब्द घातला, आणि प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला पेंढ्याचे पत्र म्हटले. अर्थात पौल आणि याकोब यांनी उदाहरण एकाच माणसाचे, अब्राहामाचे, घेतले आहे. पौल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायाकडे बोट दाखवतो, जिथे अब्राहाम फक्त विश्वास ठेवतो. याकोब बाविसाव्या अध्यायाकडे, जिथे तो इसहाकाला घेऊन डोंगर चढतो. या दोन अध्यायांमध्ये अनेक वर्षांचे अंतर आहे. पौलाचा प्रश्न प्रवेशाचा आहे, याकोबाचा पारखण्याचा, असे मी मानतो. आणि बहुतेक प्रॉटेस्टंट भाष्यकार असेच काहीतरी म्हणतात. कॅथलिक वाचकाला ही सोडवणूक जरा जास्तच सोयीची वाटते, हेही इथे नोंदवतो.

या मुद्द्यावर दोन्ही बाजू आता पूर्वीइतक्या दूर नाहीत. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या कार्यावरील विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो आणि सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो, असा तिचा गाभा आहे. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चेसची जागतिक संघटना तिच्याशी जोडल्या गेल्या. सर्वांना ती पटली नाही; जर्मनीतील अनेक ल्यूथरन प्राध्यापकांनी तिला उघड विरोध केला, आणि स्वतंत्र प्रार्थनासंघांचा तर तिच्याशी काही संबंधच नाही. म्हणून ती भावासमोर ठेवून वाद संपेल अशी अपेक्षा करू नये.

आता तारखेचा प्रश्न. भावाचा आग्रह अठराव्या शतकातील जागृतीच्या चळवळींतून आला आहे. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने २४ मे १७३८ ही आपली तारीख रोजनिशीत लिहून ठेवली होती, आणि तेव्हा तो जवळजवळ दहा वर्षे दीक्षित धर्मगुरू होता. परंतु आपल्याकडचेच उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा) १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे झाला; पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले, की त्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळले, की ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्यांची तारीख कोणती धरायची? भाऊ नंतरची म्हणेल. सासूबाई पहिली म्हणतील, कारण कॅथलिक शिकवणीत नवा जन्म बाप्तिस्म्यातच होतो आणि पुढचे सगळे त्याचे उमलणे असते. रमाबाईंनी मात्र दोन्ही गोष्टी सांगितल्या. ज्या घरात प्रार्थना पाळण्यापासून ऐकू येते, तिथल्या मुलाला तारीख सांगता न येणे हा माझ्या मते दोष नाही. आपली मातृभाषा आपण कोणत्या दिवशी शिकलो, हे तरी कोण सांगू शकेल?

"ते देवाच्या हातात" हे सासूबाईंचे उत्तर अज्ञानातून आलेले नाही, हे भावाने समजून घ्यावे. आपण कृपेत आहोत याची, विशेष प्रकटीकरण नसताना, अचूक खात्री कोणी बाळगू नये, असे ट्रेंटचे म्हणणे आहे. आशा मात्र भक्कम असावी. त्याआधी शंभराहून अधिक वर्षे, १४३१ मध्ये, जोन ऑफ आर्कला न्यायाधीशांनी हाच सापळा लावला होता. तू देवाच्या कृपेत आहेस का, असे तिला विचारले. होय म्हणावे तर उद्धटपणा, नाही म्हणावे तर गुन्ह्याची कबुली. ती म्हणाली, की मी नसेन तर देवाने मला तिथे न्यावे, आणि असेन तर तिथेच ठेवावे. ल्यूथरनंतरचा प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन याच्या अनुयायांना (रिफॉर्म्ड चर्चेसना) हे उत्तर अपुरे वाटेल, कारण देवाचे वचन खोटे ठरत नाही आणि खात्री त्या वचनावर टेकलेली आहे, स्वतःच्या मनःस्थितीवर नाही, असे ते म्हणतात. आणि या बाबतीत माझे मन त्यांच्याकडे झुकते. परंतु एकदा तारण झाले की ते कधीच जात नाही, हे मत साऱ्या प्रॉटेस्टंटांचे नाही. वेस्लीची परंपरा ते मानत नाही. ल्यूथरन शिकवणीतही विश्वास गमावता येतो.

राहिली मिस्सा. मरणोत्तर शुद्धीकरण म्हणजे नापास झालेल्यांसाठी पुन्हा परीक्षा, अशी समजूत असेल तर ती दोन्ही घरांनी सोडावी. कॅथलिक शिकवणीप्रमाणे जे देवाच्या कृपेत मरण पावले आणि ज्यांचे तारण निश्चित आहे, त्यांच्यासाठीच ते शुद्धीकरण आहे. म्हणून 'तारण झाले असेल तर प्रार्थना कशाला' या प्रश्नाला त्यांचे उत्तर आहे: तारण झाले आहे, म्हणूनच. या प्रथेचा आधार मक्काबीच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात दाखवला जातो. तो ग्रंथ सासूबाईंच्या बायबलात आहे, भावाच्या बायबलात नाही, त्यामुळे 'कुठे लिहिले आहे ते दाखवा' म्हणून हा वाद सुटण्यासारखा नाही. प्रॉटेस्टंट शिकवणीप्रमाणे ख्रिस्ताच्या एकाच अर्पणाने शुद्धीकरण पुरे झाले, आणि मीही तसेच मानतो. तरीही २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत मेणबत्ती लावून उभ्या राहिलेल्या कुटुंबाला मी हे ऐकवायला जाणार नाही. पुढच्या मिस्सेला आपण सासूबाईंच्या शेजारी बसावे; आपल्या माहेरच्या श्रद्धेला त्याने बाध येत नाही.

प्रश्न: माझा बाप्तिस्मा तान्हेपणी सी. एन. आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या मंडळीच्या चर्चमध्ये झाला. आता एका मंडळीत मला सांगतात, की पाण्यात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा घेतल्याशिवाय तारण नाही. घ्यावा का?
(एक वाचक, कुर्ला)

उत्तर: घेऊ नये. विश्वास आधी आणि बाप्तिस्मा नंतर, असे मानणाऱ्या बाप्टिस्ट परंपरेचा मी आदर करतो, परंतु त्या परंपरेतले बहुतेक शिक्षक बाप्तिस्म्याने तारण होते असे म्हणत नाहीत. त्यांच्या लेखी तो आधीच झालेल्या गोष्टीची साक्ष असतो. म्हणजे आपल्याला जे सांगितले गेले ते त्यांच्याही शिकवणीपुढे जाते. ख्रिस्ताने ज्याला स्वर्गाचे वचन दिले त्या वधस्तंभावरील चोराला बाप्तिस्मा मिळाला नव्हता. शिवाय आपली सी. एन. आय. मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाली, तेव्हा तिच्यात बाप्टिस्ट आणि बालबाप्तिस्मा देणारे अँग्लिकन दोघेही आले, आणि दोन्ही रीती तिने मान्य केल्या. आपल्या पाळकांना भेटा. बालपणीच्या बाप्तिस्म्याची वचने प्रौढ वयात मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने उच्चारण्याची सोय दृढीकरणाच्या विधीत आहे.

प्रश्न: मी ख्रिस्ती नाही, पण आपले सदर वाचतो. कृपा आणि कर्म यांचा आपल्याकडचा वाद मला आमच्या मर्कटन्याय आणि मार्जारन्यायासारखा वाटतो. ही तुलना चालेल का?
(एक वाचक, दादर)

उत्तर: चालेल, आणि ती आपण सुचवलीत याचा आनंद झाला. इतर वाचकांसाठी सांगतो: माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते, मांजराच्या पिलाला आई तोंडात उचलते, भक्ताचा उद्धार यातल्या कोणत्या रीतीने होतो, यावर दक्षिणेतील श्रीवैष्णवांचे दोन पंथ झाले. नेदरलँड्समधील डॉर्टच्या सभेत (१६१८ ते १६१९) कॅल्व्हिनपंथीयांनी घेतलेली बाजू मार्जारन्यायाची. त्यांच्या विरोधात १६१० मध्ये निवेदन देणारे आर्मिनियसचे अनुयायी आणि नंतरचा वेस्ली हे मर्कटन्यायाच्या जवळ येतात. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चेसना आपण तिसरीकडे बसवावे. त्यांच्या लेखी पाप हा गुन्ह्यापेक्षा आजार अधिक आहे आणि तारण म्हणजे देवाच्या जीवनात सहभागी होत जाणे. माणसाने देवस्वरूप व्हावे म्हणून देव माणूस झाला, हे चौथ्या शतकातील अथनेशियसचे म्हणणे ते आजही आधाराला घेतात. दादरच्याच मल्याळी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये एखाद्या रविवारी गेलात, तर निकालाच्या भाषेपेक्षा उपचाराची भाषा आपल्याला अधिक ऐकू येईल.

तुलना अडते ती दोन ठिकाणी. आपल्या दृष्टान्तात दोन्ही पिले आधीपासूनच आईची असतात. डॉर्टच्या सभेत ज्यावर खल झाला तो प्रश्न वेगळा होता: आई काही पिले उचलते आणि काही उचलत नाही, ते का? देवाच्या इच्छेपलीकडे कारण शोधू नये, असे उत्तर तिथे दिले गेले, आणि ते ऐकून वेस्ली आयुष्यभर संतापत राहिला. दुसरे असे, की वेस्ली किंवा कॅथलिक परंपरा यांपैकी कोणीही पिलाच्या हाताच्या पकडीला पिलाची कमाई मानणार नाही. ती पकडही आईच्या दुधाने आली, असेच दोघे म्हणतील. मग त्याच दुधावर वाढलेल्या दुसऱ्या पिलाने हात का सोडला, असे कॅल्व्हिनपंथीय लगेच विचारेल, आणि तिथे वेस्लीला 'ते स्वतंत्र होते' यापलीकडे फारसे काही सांगता येत नाही.