गोष्टी सांगितल्याने पूर्वग्रह खरंच जातात का?

वेगवेगळ्या संस्कृतींच्या लोकांनी एकमेकांना गोष्टी सांगितल्या तर मनातले साचे मोडतात का, असं तुम्ही विचारलंय. माझ्यापुरतं सांगतो.

मी अकोले तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातला, महादेव कोळी आदिवासी. पुण्यात शिकायला आलो तेव्हा "तुमच्याकडं लाईट आहे का?" असं विचारणारी मुलं भेटली होती. असले प्रश्न सोसलेला माणूस मी. तरी खोलीवर नागालँडमधल्या कोहिमाचा, अंगामी जमातीतला एक नागा मुलगा येणार म्हटल्यावर मी पहिलं काय विचारलं? "कुत्रं खातो का रे तो?" लाज वाटते आता.

तो आला आणि पहिल्याच रविवारी त्याने डुकराच्या मटणात अखुनी घातली. अखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. वास जिन्यापर्यंत जातो. घरमालक वर येऊन ओरडून गेले. पुढच्या रविवारी मी राजूरच्या बाजारातून आणलेली सुकट तव्यावर टाकली, तर मालक पुन्हा वर. तो हसत सुटला. त्याच्या समजुतीत महाराष्ट्रातला माणूस एक तर मुंबईचा, नाही तर शाकाहारी!

खरी गोष्ट त्यानंतरची. दिवाळीच्या आधी एकदा रात्री लाईट गेली होती. शहरात ज्या दिवशी वसुबारस करतात, त्याच दिवशी आमच्याकडं वाघबारस असते, असं मी त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होतो. शिवेवर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड, त्यावर कोरलेले चंद्र-सूर्य, आमची गुरं राखावीत म्हणून त्याला दाखवलेला नैवेद्य. (वाघ म्हणजे आता बिबट्याच, पण देव जुनाच.) तो म्हणाला, "वाघ? तो तर आमचा भाऊ."

मग त्याने सांगितलं. माणूस, वाघ आणि भूत ही एकाच आईची लेकरं. गावात कोणी राहायचं यावरून शर्यत लागली, गवताच्या खुणेला जो आधी शिवेल त्याचं घर. माणसाने आईच्या सल्ल्याने लांबूनच बाण मारला आणि जिंकला. वाघ रानात गेला. पुढं माणसाने मांजराकरवी निरोप धाडला, 'दादा, हरीण मारलंस की एक तंगडी माझ्यासाठी गावकुसावर ठेव.' मांजराने निरोप उलटा सांगितला: माणूस हरीण मारेल तेव्हा तुझ्यासाठी तंगडी ठेवेल. वाघ वाट बघत बसला. तिथून वैर.

आम्ही अर्धा तास भांडलो. चूक मांजराची की माणसाची? मी म्हणालो, सख्ख्या भावाकडं स्वतः जायला काय झालं होतं? त्या अर्ध्या तासात तो 'नागा' आहे हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

सगळ्याच गोष्टी अशा गोड नव्हत्या. १९४४ मध्ये जपानी फौज कोहिमापर्यंत आली, तेव्हा त्याची आजी लहानपणी रानात लपली होती. पुढं १९५८ मध्ये लष्कराला विशेष अधिकार देणारा कायदा आला. तिच्या लेखी 'भारतातून आलेला माणूस' म्हणजे वर्दीतला माणूस. पूर्वग्रह दोन्हीकडून असतो, आणि पलीकडच्याला कधी कधी तसं कारणही असतं. त्या रात्री माझ्याकडं बदल्यात सांगायला काही नव्हतं. नुसतं ऐकलं.

म्हणून मला मंचावरच्या 'विविधतेत एकता' कार्यक्रमांचं फारसं कौतुक नाही. पिसांचा मुकुट आणि भाला घेतलेला नागा बघून लोक घरी जातात ते जुनाच साचा घट्ट करून. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की नुसता संपर्क पुरत नाही. दोघांचा दर्जा समान हवा, काहीतरी समाईक हवं. आमचं समाईक म्हणजे एक स्टोव्ह आणि मालकाच्या शिव्या.

मालक मात्र बदलले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी आधीच अट घातली, नॉर्थ-ईस्टवाले नकोत. त्यांना गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. ते ऐकायला थांबलेही नसते म्हणा.

तो आता कोहिमात शिक्षक आहे. वाघबारशीला अजून त्याचा मेसेज येतो: "तंगडी ठेवलीस का?"