नवीन हॉटेल, आपली गँग आणि ते बिल: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विचारलं होतं की तुमच्या भागात नुकतंच सुरू झालेलं हॉटेल आणि तिथलं मित्रमंडळींबरोबरचं जेवण याबद्दल काही शंका असतील तर कळवा. बऱ्याच जणांनी लिहिलं आणि गंमत म्हणजे जवळपास सगळ्यांचा विषय एकच, कोल्हापुरी मटण थाळी! पुणे, पिंपरी-चिंचवडला सध्या चौकाचौकात अशी हॉटेलं निघतायत त्यामुळे साहजिकच आहे. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, नेहमी विचारले जाणारे प्रश्न घेतलेत.

प्रश्न: नमस्कार ताई, आमच्या एरियात नवीन कोल्हापुरी थाळीचं हॉटेल सुरू झालं. आम्ही शाळेतले मित्र रविवारी दुपारी गेलो, तासभर वेटिंग, टेबल मिळेपर्यंत तीन वाजले. सुकं मटण एक नंबर होतं पण तांबडा रस्सा नुसता पाणी आणि पांढरा फाटल्यासारखा. घरी पोचायच्या आत एकाने एक स्टार देऊन टाकला, दुसरा म्हणतो परत पाय ठेवायचा नाही. मला वाटतं आपण घाई करतोय. तुमचं मत काय? (पुण्याहून एक वाचक)

तुमचंच बरोबर आहे, घाई झाली. सुकं एक नंबर होतं असं तुम्हीच म्हणताय ना, मग मटण चांगलं आहे, मसाला चांगला आहे आणि आचाऱ्याला काम येतं, एवढं तर नक्की झालं. बिघडलाय फक्त रस्सा, आणि तो तीन वाजता का बिघडतो ते सांगते.

मटण आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवतात आणि त्याचं जे पाणी निघतं ते अळणी. सगळा खेळ या अळणीवर चालतो. त्यात कांदा-लसूण मसाला, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ वगैरेचं वाटण पडलं की तांबडा, आणि खसखस, काजू, तीळ यांचं वाटण नि नारळाचं दूध पडलं की पांढरा. आता मटण जेवढं शिजवलं तेवढंच अळणी निघणार, ते काही नळाला येत नाही. आणि रस्सा तर अनलिमिटेड! नवीन हॉटेलवाल्याला अजून अंदाज नसतो की रविवारी किती ताटं जाणार, त्याने शंभराची तयारी केली आणि दीडशे माणसं आली की मग पातेल्यात गरम पाणी पडायला लागतं. तांबड्याचं अजून एक असतं, त्याचा कट म्हणजे लाल तेलाचा तवंग वर तरंगतो, आणि एक वाजता बसलेली मंडळी "कट मारून द्या" म्हणत वरचा सगळा कट घेऊन गेलेली असतात. तुमच्या वाटीत आलं ते खालचं.

पांढरा तर फारच नाजूक. नारळाचं दूध अगदी शेवटी घालायचं, आच मंद, आणि नंतर खळखळून उकळू द्यायचा नाही, हे घरी करणाऱ्या कोणालाही माहीत असतं. पण गर्दीत पातेलं सकाळपासून गॅसवर, वाढपी धावत येतो, गार झालाय म्हणून कोणीतरी आच मोठी करतो आणि रस्सा फुटतो. वाटीत चमचा फिरवून बघा, बारीक पांढरे कण वेगळे आणि पाणी वेगळं दिसलं तर फुटलाय. नुसता फुटलेला असेल तर चव जाते एवढंच, पण आंबूस वास आला तर मात्र तोंडाला लावू नका आणि लगेच परत पाठवा.

म्हणून माझं म्हणणं असं की एकदा बुधवारी किंवा शुक्रवारी जा. आपल्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत पाळतात, काही जण मंगळवारही, त्यामुळे मटणाचा सगळा लोड रविवार, बुधवार, शुक्रवार या तीन दिवसांवर येतो आणि त्यातही रविवार म्हणजे कहर. बुधवारी माल ताजा असतो कारण त्या दिवशीही खप आहे, पण रविवारसारखी झुंबड नसते. साडेबारा-एकला जाऊन बसा, तेव्हा तो रस्सा खरा काय आहे ते कळेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मालकाला तोंडावर सांगा. नवीन हॉटेलात मालक बहुतेक स्वतः काउंटरवर असतो. बिल देताना शांतपणे म्हणायचं, "दादा, सुकं जबरदस्त होतं, पण रविवारी तीनच्या सुमाराला पांढरा फुटलेला होता आणि तांबडा पातळ होता." एवढंच. वेळ सांगा, पदार्थ सांगा, चांगलं काय होतं तेही सांगा. "काही मजा नाही आली" या वाक्याने त्या बिचाऱ्याला काय कळणार? त्याने डिपॉझिट भरलंय, कर्ज काढलंय, गावाकडून आचारी आणलाय, वाढपी पोरं अजून शिकतायत, त्याला पहिल्या महिन्यात असं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक मिळालं तर त्याचं हॉटेल सुधारतं हो. आणि तो कसा ऐकतो त्यावरून तुम्हालाही कळतं की इथे परत यायचं की नाही. "आमच्याकडे असं होतच नाही" म्हणाला तर खुशाल सोडून द्या. आचाऱ्याला आवाज देऊन विचारलं, तर ते हॉटेल टिकणार असं मी समजते.

तुमच्या मित्राला सांगा स्टार काढून टाकायची गरज नाही, पण त्यात लिही की रविवारी दुपारी तीनला गेलो होतो, सुकं छान, रस्सा बिघडलेला. वाचणाऱ्याला त्याचा खरंच उपयोग होतो.

प्रश्न: ताई, आम्ही आठ जण गेलो, ४५० ची थाळी, म्हणजे ३,६०० व्हायला पाहिजे होते. बिल आलं ४,१५८. त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर जीएसटी. आम्ही विचारलं तर म्हणाले कंपल्सरी आहे. बर्थडे होता म्हणून वाद नको म्हणत भरून टाकले. हे बरोबर आहे का? (पिंपरी-चिंचवड)

नाही रे, कंपल्सरी अजिबात नाही! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला गाइडलाइन्स काढल्या की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावाने पण लावायचा नाही आणि दिला नाही म्हणून कोणाला आत घ्यायचं नाही असंही करायचं नाही. हॉटेल संघटना कोर्टात गेल्या, मध्ये स्टे पण होता, पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. म्हणजे द्यायचा तर आपल्या मर्जीने.

तुझ्या बिलात काय झालंय बघ. ३,६०० वर १० टक्के म्हणजे ३६० लावले, झाले ३,९६०, आणि मग या ३,९६० वर ५ टक्के जीएसटी म्हणजे १९८. सर्व्हिस चार्जवर पण टॅक्स भरलात तुम्ही! नुसत्या जेवणावर जीएसटी १८० होतो, बिल व्हायला हवं होतं ३,७८०. म्हणजे ३७८ रुपये जास्त गेले. पुढच्या वेळी पैसे द्यायच्या आधी सांगायचं की सर्व्हिस चार्ज काढून बिल परत प्रिंट करा, बहुतेक ठिकाणी एवढ्यावर काढतात. नाहीच काढला तर बिलाचा फोटो काढून ठेवायचा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची. आवाज चढवायची गरज नाही, आणि ऑर्डर घेणाऱ्या कॅप्टनवर तर अजिबात नाही, तो पगारी माणूस आहे, त्याने काही हा नियम बनवलेला नाही. आणि वाढणाऱ्या पोराने मनापासून वाढलं असेल तर टिप त्याच्या हातात द्या, रोख, ती त्याला मिळते.

जीएसटीचं पण एक बघत जा. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटला, एसी असो नसो, ५ टक्के लागतो, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. बिलावर १५ अक्षरांचा जीएसटी नंबर हवा, महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो. काही छोटी हॉटेलं कंपोझिशन स्कीममध्ये असतात, ती त्यांच्या उलाढालीवर स्वतः टॅक्स भरतात आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा घेऊ शकत नाहीत. तेव्हा बिलावर नंबरच नाही किंवा कंपोझिशन लिहिलंय आणि तरीही जीएसटी लावलाय असं दिसलं तर विचारायचंच.

प्रश्न: पाण्याच्या बाटलीवर छापील किंमत २० आणि बिलात ४०. ही लूट नाही का?

राग येतो हे खरंय, पण इथे कायदा हॉटेलच्या बाजूने आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हॉटेलात बसून घेतो तेव्हा ती नुसती बाटलीची विक्री नसते, जागा, सेवा सगळं त्यात येतं, त्यामुळे एमआरपीपेक्षा जास्त लावू शकतात. उपाय सोपा आहे, बसल्या बसल्या "साधं पाणी आणा" म्हणायचं. बाटली कोणी न विचारता टेबलावर ठेवली आणि नको असेल तर फोडायच्या आधीच परत द्या.

प्रश्न: आमच्या ग्रुपमध्ये दोघी व्हेज आहेत. दर वेळी काँट्री समान काढतात आणि आम्ही अडीचशेची व्हेज थाळी खाऊन पाचशे भरतो. बोललं तर कंजूष वाटू असं वाटतं. मैत्रिणी चांगल्या आहेत, त्यांच्या लक्षात येत नाही एवढंच. (नाशिक)

अगं, यात कंजूषपणा कसला, दर महिन्याला हे होत असेल तर ते मनात साचत जातं आणि मग एक दिवस भलत्याच गोष्टीवरून बाहेर पडतं. मला वाटतं बिल आल्यावर बोलू नकोस, तेव्हा सगळ्या घाईत असतात आणि ते टोचल्यासारखं वाटतं. ठरवतानाच ग्रुपवर टाक: "या वेळी ज्याचं ताट त्याने द्यायचं, स्टार्टर आणि पाणी सगळ्यांत वाटू." थाळीच्या हॉटेलात तर हे फारच सोपं आहे, ताटाचा रेट ठरलेला, डोकं लावायलाच नको. एकीने बिल भरायचं आणि बाकीच्यांनी टेबलावरून उठायच्या आधी यूपीआय करायचं. "घरी गेल्यावर पाठवते" मधले निम्मे पैसे येत नाहीत आणि मग भरणारीला मागायची लाज वाटते, तिचा पण विचार करायला पाहिजे ना.

आणि अजून एक, नवीन ठिकाणी जायच्या आधी फोन करून विचारा की व्हेजमध्ये नक्की काय आहे. मटणाच्या हॉटेलात कधी कधी व्हेज थाळी म्हणजे एक पनीर आणि डाळ एवढंच असतं, त्याच्यासाठी तुम्ही दोघींनी लांबवर का जायचं? आणि व्हेजसाठी पळी, पातेली, तेल वेगळं असतं का हेही फोनवरच विचारा, टेबलावर बसल्यावर विचारलं तर सगळं "हो हो" असतं. कधीतरी तुमच्या पसंतीचं हॉटेल ठरवा आणि त्यांनी तिकडे यावं, हेही न्यायाचंच आहे.

प्रश्न: मित्राला नवीन हॉटेलात घेऊन गेलो, ऑर्डर दिली आणि मग तो म्हणाला मी बोल्हाईचंच खातो. सगळ्यांचा मूड गेला. हे आधी कसं ओळखायचं? (मूळ विदर्भातला, सध्या पुण्यात)

तुम्ही बाहेरून आलात म्हणून माहीत नसेल, पुणे आणि नगरच्या पट्ट्यात हे भरपूर आहे. हवेली तालुक्यात वाडेबोल्हाईला बोल्हाईचं देऊळ आहे, तिला मानणाऱ्या घरांत शेळी-बोकडाचं मटण चालत नाही, फक्त मेंढीचं चालतं. म्हणून इकडे हॉटेलच्या बोर्डावर "बोल्हाईचे मटण मिळेल" असं लिहिलेलं असतं. बोर्डावर काही नसेल तर बोकडाचंच आहे असं धरून चाला आणि रस्सा पण त्याच अळणीचा असतो हे विसरू नका, नुसतं "तू रस्सा-भाकरी खा" म्हणून चालत नाही. हा त्याच्या घरचा, श्रद्धेचा भाग आहे, त्यावरून चेष्टा नको. ग्रुपमध्ये कोणाचं काय चालत नाही हे एकदा विचारून ठेवा, वार कोण पाळतं, बोल्हाईचं कोण खातं, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कोणाला आहे. ते शेवटचं तर फार जपा, आपल्याकडे ठेचा, खर्डा यांत शेंगदाणे सर्रास असतात, मेन्यूत कुठे लिहिलेलं नसतं.

प्रश्न: नवीन हॉटेल स्वच्छ आहे का हे पटकन कसं बघायचं?

परवाना लावलेला हवा, एफएसएसएआयचा म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नंबर १४ आकडी असतो आणि तो बिलावरही छापायचा असतो. पण मी आधी हात धुवायची जागा बघते. तिथे साबण आहे का, खाली पाणी साचलंय का, बेसिनमध्ये उष्टं अडकलंय का. गिऱ्हाइकाला दिसणारी जागा जर अशी असेल तर आतली कशी असेल? मग टेबल पुसायचं फडकं. ओशट, वास मारणारं फडकं असेल तर मी तिथे कच्चा कांदा, काकडी काही खात नाही. तळलेल्याला जुन्या तेलाचा खवट वास येत असेल तर परत करा.

प्रश्न: बारा जण जायचंय, रविवारच जमतो सगळ्यांना. काय करू?

आदल्या दिवशी फोन करून ताटं सांगून ठेवा, किती मटण, किती चिकन, किती व्हेज, आणि बाराची वेळ घ्या. नवीन हॉटेलवाल्याला असा आकडा आधी कळला तर तो तेवढं मटण जास्त टाकतो, अळणीही जास्त निघतं. बारा जण एका टेबलावर बसवा असा हट्ट धरू नका, सहा-सहाची दोन टेबलं शेजारी मागा, लवकर मिळतात आणि वाढपही नीट होतं. आणि फोनवर अ‍ॅडव्हान्स मागितला तर द्या, बारा जणांची ऑर्डर देऊन न येणारे ग्रुप खूप आहेत, ते शिजवलेलं मटण त्यांच्या अंगावर पडतं.

(पुढच्या अंकात विषय: घरगुती डबा आणि मेस. प्रश्न महिनाअखेरपर्यंत पाठवा, पत्राखाली गावाचं नाव तेवढं लिहा.)