माहेरी की इंदूरलाच?

प्रश्न : ताई, सातवा चालू आहे, पहिलंच. आम्ही सुदामानगरला राहतो. आई म्हणते पहिलं बाळंतपण माहेरीच, ग्वाल्हेरला ये, आणि सासूबाई म्हणतात सगळी ट्रीटमेंट इथली तर डिलिव्हरी तिकडे कशाला. काय करू?

उत्तर : अगं दोघींचंही खरंय, पण जायचंच असेल तर नववा लागायची वाट नको बघूस, आठव्याच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारून जा आणि तिकडे लगेच नाव घाल म्हणजे तिथल्या डॉक्टरलाही आधी तपासायला मिळेल. फाइल हातातल्या पर्समध्ये, सुटकेसमध्ये नको. बीपी वाढलेलं असेल नाहीतर वार (प्लासेंटा) खाली असेल तर सरळ आईलाच इंदूरला बोलवून घे.

दवाखाना बघायला गेलीस की डीलक्स रूम बघून भुलू नको (टीव्ही कोण बघतंय तेव्हा!). विचार, रात्री दोनला सिझर करायची वेळ आली तर भूल देणारे डॉक्टर किती वेळात येतात, रक्त कुठून आणता, बाळाला एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) लागलं तर इथेच आहे की दुसरीकडे हलवणार. उडवाउडवीची उत्तरं मिळाली तर पुढचा दवाखाना. खर्चाचं टेन्शन असेल तर सरकारी पण बघ, इंदूरला एमटीएच, ग्वाल्हेरला कमलाराजा, २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नॉर्मल, सिझर, औषधं, रक्त सगळं फ्री आहे, गर्दी मात्र सहन करावी लागते.

आणि आईला सांग, डिंकाचे लाडू खुशाल कर पण बंद खोलीत कोळशाची शेगडी न् धुरी अजिबात नको, बाळाच्या श्वासाला वाईट.