आधी तुझं लिही

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला. तुझ्यावर थोडा, आणि पत्रातल्या ‘अधिकार’ या शब्दावर बराच. ‘मी काही समीक्षक नाही, मला मत द्यायचा काय अधिकार?’ असं म्हणत तू चार ओळींचं ते टिपण पुसून टाकलंस. ज्या कादंबरीवरून सगळे जीव ओवाळून टाकतायत ती तू ८७व्या पानावर मिटलीस. ज्या सिनेमाची सगळे टर उडवतायत तो बघताना तुला रडू आवरेना. आणि लिहिलंस काय? कादंबरीला पाच तारे, सिनेमावर एक विनोद. विनोदाला लोक खूप हसले म्हणतेस. मग रात्रभर झोप नाही, आणि सकाळी मला पत्र.

झोप लागली नाही हे बरं झालं. मी हेच केलं तेव्हा मला गाढ झोप लागली होती. ते पुढे सांगते.

खरं बोलावं हे तुला शिकवत बसणार नाही. ते तुला ठाऊक नसतं तर पत्रच आलं नसतं. तुझी अडचण निराळी आहे आणि ती तुझ्याही लक्षात आलेली नाही. ‘कदाचित कादंबरी चांगलीच असेल, मीच घाईत होते.’ ‘सिनेमा तसा बाळबोधच होता, माझंच मन त्या दिवशी हळवं झालं होतं.’ तुझ्या पत्रातल्या या दोन वाक्यांखाली मी रेघा मारल्या आहेत, जुनी खोड. लोकांना घाबरून खोटं बोललीस याचं मला फारसं काही नाही, ते आपण सगळेच करतो. पण आपल्याला काय वाटलं होतं तेच तुला आता आठवेनासं झालंय. इतरांचं इतकं वाचलंस की त्यात तुझं वाहून गेलं.

म्हणून एकच सांगते, आणि कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: आधी तुझं लिही, मग दुसऱ्याचं वाच.

हा म्हातारपणचा हट्ट आहे असं समजू नकोस. १९५०च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग केला होता. एका खोलीत काही माणसं बसवायची, एक रेघ दाखवायची आणि दुसऱ्या कार्डावरच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते विचारायचं. लहान मूलही सांगेल. पण एकजण सोडून बाकी सगळे आधीच शिकवून ठेवलेले, मुद्दाम चुकीचं उत्तर देणारे. त्या एकट्याची पाळी त्यांच्यानंतर. साधारण एक तृतीयांश वेळा त्यानं डोळ्यांना दिसणारी रेघ सोडली आणि घोळक्याचं उत्तर आपलं म्हणून सांगितलं. चारांतले तीनजण निदान एकदा तरी असे घसरले. रेघेच्या लांबीची ही गत, तर कादंबरीचं काय घेऊन बसलीस!

मला त्या प्रयोगातल्या दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. घोळक्यातल्या एकानं जरी खरं उत्तर दिलं, तरी त्या एकट्याला धीर यायचा आणि त्याच्या चुका झपाट्यानं कमी व्हायच्या. आणि उत्तर मोठ्यानं सांगण्याऐवजी कागदावर लिहायचं असेल, तेव्हाही घोळक्याचा जोर बराच ओसरायचा. कागदावर! ही दुसरी गोष्ट मी वाचली तेव्हा अर्धा तास तशीच बसून राहिले होते, कारण तोवर माझी एक चूक करून झाली होती.

मी तीस वर्षं मुद्रितं तपासली. काना, मात्रा, वेलांटी. मुद्रितशोधकाला पुस्तक आवडून चालत नाही. आवडलं की डोळा पुढे पळतो आणि चुका राहून जातात. म्हणून घरी, स्वतःसाठी वाचताना मी समासात पेन्सिलीनं बारीक खुणा करायचे. आवडलं की एक टिंब, फार आवडलं की दोन. त्याच काळात एका नियतकालिकात अधूनमधून पुस्तकांवर लिहायचे. एकदा एका नवख्या लेखकाची पहिली कादंबरी माझ्याकडे आली. मी वाचत होते, आणि मधेच जिच्या शब्दाला मी फार मानायचे अशी एक व्यक्ती बोलता बोलता म्हणून गेली, ‘ते ना? भाबडं लिखाण आहे.’ बस्स. त्या व्यक्तीनं पुस्तक वाचलं होतं का, हे विचारायचंही मला सुचलं नाही. माझ्या परीक्षणात ‘भाबडं’ हा शब्द तीनदा आला. लोकांनी परीक्षण किती धारदार आहे म्हणून वाखाणलं. त्या रात्री मी उत्तम झोपले.

अकरा वर्षांनी फळी आवरताना ती प्रत हाताला लागली. त्यात एक म्हातारा बाप घर सोडून गेलेल्या मुलाच्या चपला रोज पुसून दाराशी ठेवतो, असा एक भाग आहे. त्याच्या शेजारी समासात दोन टिंबं, आणि खाली माझ्याच अक्षरात: ‘इथे थांबले. पुढे आज नको.’

मुली, मी वाचताना थांबले होते. मला पुढे वाचवलं नव्हतं. आणि मी छापून आणलं की पुस्तक भाबडं आहे.

त्या लेखकाचं दुसरं पुस्तक आलं नाही. माझ्यामुळे नाही, माझ्या लिहिण्याला तेवढं वजन कधीच नव्हतं, आणि एका परीक्षणानं जो लिहायचं थांबतो तो कधी ना कधी थांबलाच असता. हे मी गेली कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. बघ, आता तुलाही सांगून टाकलं.

तेव्हापासून नियम केला. पुस्तक मिटलं की त्याच बैठकीत वहीत दहा ओळी. सिनेमाचं घरी आल्यावर, कोणाशी बोलायच्या आत. सिनेमाच्या बाबतीत तर फारच घाई कर, कारण आठवण लबाड असते. शेवटची दहा मिनिटं बरी गेली की मधला कंटाळा ती पुसून टाकते. आधी लिहायचं, मग वाचायचं. नंतर मत बदललं तर जरूर बदल. मला चांगल्या वाचकांनी कितीतरी वेळा दाखवून दिलंय की मी गाभाच चुकवला होता. तेव्हा खाली नवी तारीख घालून नवं लिहायचं. वरचं खोडायचं नाही.

तू म्हणशील, इतक्या लोकांना आवडलं त्याला काही अर्थ असेलच ना? असतो, पण तुला वाटतो तेवढा नाही. २००६ साली तीन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला: ४८ अनोळखी गाणी, चौदा हजारांवर श्रोते. काहींना फक्त गाणी ऐकवली. काहींना वेगवेगळ्या गटांत वाटून, आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं तो आकडाही दाखवला. आकडा दिसणाऱ्या प्रत्येक गटात निराळीच गाणी डोक्यावर घेतली गेली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्या ढिगातलं कुठलंही गाणं कुठेही पोचत होतं. पहिल्या काही जणांनी काय उचललं, एवढ्यावर पुढचं सगळं. तुझी ती कादंबरी कदाचित फार मोठी असेल. कदाचित मधल्या ढिगातली, नशिबाची असेल. हे कळायला आकड्यांपासून लांब राहून वाचलेल्या दहा माणसांचे दहा कागद लागतील, आणि त्यातला एक तू पुसून बसलीस.

आणि ते आकडे तरी नीट वाचतेस का? सिनेमाला ‘शंभर टक्के’ मिळाले की तुम्ही हुरळून जाता. काही ठिकाणी तो आकडा फक्त एवढंच सांगतो की शंभरातल्या शंभरांना सिनेमा बरा वाटला. शंभरही जणांनी नुसतं ‘ठीक आहे’ म्हटलं तरी शंभरच. पुस्तकांच्या ताऱ्यांमध्ये तर भारावलेले आणि भडकलेले हेच जास्त लिहितात; ज्यांना बरं वाटलं, थोडं खटकलं, ते पुस्तक मिटतात आणि कामाला लागतात. मधली माणसं बोलतच नाहीत. तू मधली आहेस. ८७ पानं वाचणारी व्यक्ती पुस्तकाची वैरी नसते.

आता अधिकाराचं. सॅम्युएल पेपिस नावाचा इंग्रज गृहस्थ १६६० ते १६६९ रोजनिशी लिहीत होता. नोकरी नौदलाच्या कचेरीत, नाटकांचं वेड. १६६२च्या सप्टेंबरात त्यानं शेक्सपिअरचं ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ पाहिलं आणि लिहून टाकलं की इतकं बेचव, हास्यास्पद नाटक आयुष्यात पाहिलं नाही. नाच बरे होते आणि काही बायका देखण्या होत्या, तेवढीच काय ती करमणूक. मला तो माणूस चुकला असंच वाटतं. पण साडेतीनशे वर्षांनी त्या संध्याकाळी प्रेक्षागृहात बसल्यासारखं वाटतं ते त्याच्यामुळे. त्याच काळच्या शहाण्या, तोलूनमापून लिहिलेल्या किती स्तुत्या आज कोणाच्या लक्षात आहेत? तो लघुलिपीत लिहायचा, कोणाला दाखवायला लिहीत नव्हता. त्याला अधिकार कोणी दिला होता? तिकीट काढलं होतं, डोळे उघडे होते, झालं.

पण एक ऐक, आणि इथे मी जरा कडक होणार आहे. प्रामाणिक म्हणजे फटकळ नव्हे. तुझ्या वयाच्या पुष्कळांचा हा घोटाळा झालाय. ‘भंगार आहे, वेळ वाया’ हे वाचून मला तुझा राग कळतो, पुस्तक कळत नाही. ‘संथ आहे’ हेही मत नव्हे. ‘साठाव्या पानानंतर कोण कोणाचा भाऊ ते मला आठवेना आणि आठवावंसंही वाटेना’, हे मत. कुठे, काय झालं, ते लिही. अर्धवट सोडलं असेल तर अर्धवट सोडलं म्हणून लिही, लाजू नकोस. पण सोडलेल्या पुस्तकाचा शेवट कसा फसलाय ते मात्र सांगत सुटू नकोस. असं करणारे मला माहीत आहेत, त्यातल्या दोघांची तर प्रस्तावना मी तपासली आहे.

ज्याच्यासाठी पुस्तक लिहिलंय तो वाचक तू नसशील, तर तेही लिहून टाक. बक्षीस मिळालेल्या पुस्तकांचे तारे बक्षिसानंतर घसरतात असं एका अभ्यासात आढळलंय. पुस्तक तेच राहतं. पण बक्षिसाच्या ओढीनं अशी माणसं त्याच्याकडे वळतात ज्यांनी एरवी ते उचललंही नसतं. तुला ती कादंबरी कोणी दिली? तू स्वतःहून उचलली होतीस का? पत्रात हे नाही, आणि मला ते ताऱ्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

फटकळपणाचं बोलतेय, तर हेही सांगून टाकते, नाहीतर तू म्हणशील बाई स्वतः कुठे पाळते. माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणीनं कादंबरी लिहिली. मी वाचली, वहीत लिहिलं, आणि तिनं विचारल्यावर वहीतलं होतं तसं सांगितलं: दुसरा अर्धा भाग तुझ्या हातून सुटलाय. ती बोलायची थांबली. आता किती वर्षं झाली ते मोजत नाही. तिचं म्हणणं, चारचौघांत बोललीस. माझं म्हणणं, विचारलं चारचौघांत, तर उत्तरही चारचौघांत. मत आजही तेच आहे, मी ते मागे घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. मात्र त्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात माझी दोन टिंबंही होती. ती वहीत उतरवायची राहून गेली, त्यामुळे बोलण्यातही आली नाहीत. म्हणजे नियम बरोबरच होता, मी तो अर्धा पाळला. आवडलेलंही लिहायचं असतं, तेही पानासकट. तुला रडू आलं तो प्रसंग कोणता? कोण काय बोललं होतं? की कोणी बोललंच नव्हतं?

विनोद काढून टाक असं मी म्हणत नाही. हसले ते हसले. त्याच्याखाली लिही की मी त्या सिनेमात रडले होते आणि मग गंमत केली. लोक तुलाही हसतील. दोघंतिघं मात्र गप्प बसून वाचतील, कारण रडलेली तू एकटीच नव्हतीस. अ‍ॅशच्या खोलीतला खरं बोलणारा तो एक आठव.

मुद्रितशोधनात एक खूण आहे. चुकून खोडलेल्या शब्दाखाली टिंबं दिली की तो शब्द कायम राहतो. तू पुसलेल्या त्या चार ओळींखाली मी इथून टिंबं दिली आहेत. आठवतील तशा पुन्हा लिही आणि मला पाठव, पाकीट चिकटवून. मी ती कादंबरी आणवली आहे, उद्यापासून वाचायला घेते. माझं वहीत लिहून होईपर्यंत तुझं पाकीट उघडणार नाही.

फक्त ८७व्या पानाचं तू आधीच सांगून बसलीस. आता तिथे पोचले की मला कादंबरी दिसायची नाही, तूच दिसशील. हे तुझं चुकलंच.

तुझी,
काकू